हैदराबादचं तिकीट

भद्रावती
गुरुवार, १४ एप्रिल २०२२

प्रिय अमर,

काल मी गावी आले होते तेव्हा फोनवर तू दोनदा विचारलंस, "कागद आला का?" आणि मी दोनदा विषय बदलला. फोन बाबांच्या हातात होता. त्यांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, आणि ते अंगणात बसले की अख्खी गल्ली आपल्या घरातलं ऐकते. म्हणून पुन्हा आपली जुनी रीत. हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे, तूही तसंच कर. तू मस्कतला गेल्यापासूनच्या सहा वर्षांत आपण काही खरं बोललो असू, तर ते असंच.

कागद आला आहे. माजरीकडची आपली अडीच एकर कोळसा कंपनीला गेली, तिच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी. बाबांनी जानेवारीत तुझं नाव दिलं होतं. बुधवार, २५ मे रोजी सकाळी अकराला तू मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं आहे. याआधीही एक तारीख येऊन गेली, ती कोरोनामुळे त्यांनीच पुढे नेली. आता मुदत मिळणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तू नसलास तर पर्यायी नावाचा विचार होईल.

पर्यायी नाव माझं आहे. तुला हे माहीत नसेल म्हणून लिहिते. फॉर्म भरताना ऑफिसातला बाबू म्हणाला, हा रकाना मोकळा चालत नाही. तुझी बायको म्हणून रुखमाचं चाललं असतं, पण तिची शाळा चौथीपर्यंत आणि त्यांना दहावी लागते. बाबा म्हणाले, "लिहा ना मंग कोणाचं बी. दामिनीचं लिहा. ते काय जाणार हाये थोडीच." वयाची अट पंचेचाळीसची आहे. मला ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतील, म्हणून बसलं.

फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यापासून विमानाचं इंधन दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला महागतं आहे, असं पेपरात वाचते. तुझी कंपनी दोन वर्षांनी एक तिकीट देते ना? ते घेता येईल का, ते कळव.

आज जयंतीची सुट्टी. वाचनालय बंद आहे, म्हणून एवढं लिहिता आलं.

दामिनी


मस्कत
१८ एप्रिल

बाई,

तुझं पत्र गच्चीवर जाऊन वाचलं. खोलीत आम्ही सहा जण, कोणाच्याही हातात कागद दिसला की विचारतेत, घरी कोण मेलं का.

मी येतो. सुट्टी मंजूर झाली. कंपनीच्या तिकिटाचं नको विचारू, ते या वर्षी नाई. तिकीट तूच काढ, पैसे मी धाडतो. इथी माह्या कार्डावर काईच होऊन नाई राह्यलं, अन् इथला एजंट आपल्याले पाहून भाव सांगते. स्वस्तात पाह्य, पण वेळेवर पोचलं पाह्यजे. दोन्ही सांगून राह्यलो, म्हणजे कठीणच काम देऊन राह्यलो, मले समजते. पण तू पाहलं म्हणजे मी डोळे झाकून बसतो. बारावीचा फॉर्म बी तूच भरला होता माहा.

इथी आत्ताच बेचाळीस झालं. लोकायले सांगतो की आमच्या चंद्रपुरात याच्याहून जास्त तापते, तं कोणी मानत नाई. केरळवाला म्हणते, मग तुम्ही इथी आले काऊन? मी म्हटलं, थंड हवा खायले.

पर्यायी नावाचं वाचून हसू आलं. माही मोठी बहीण अन् खाणीत. नोकरी लागली की दिवाळीले तुले चांगली साडी घेतो, बाई. येवल्याची.

मायले सांगजो, गुडघ्याले लावाचं तेल घेऊन येतो.

अमर


भद्रावती
गुरुवार, ५ मे

प्रिय अमर,

तिकीट काढलं. कसं काढलं ते नीट लिहिते, म्हणजे मलाही कळेल.

जिशानच्या दुकानात तीनदा गेले. तो बसस्टँडजवळ तिकिटं काढून देतो, झेरॉक्सही त्याचीच. पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, विमान आता टमाटर झालं. सकाळचा भाव संध्याकाळी इचारू नका." मी म्हटलं, ईद झाल्यावर उतरेल. तो म्हणाला, "ईद झाली, शीरखुर्मा संपला, भाव तिथंच हाये."

तीन मार्ग होते. शारजात विमान बदलून नागपूर, तेहतीस हजार. मुंबईवरून नागपूर, एकाच कंपनीची दोन्ही विमानं, चोवीस हजार. आणि मस्कतहून थेट हैदराबाद, सोळा हजार. जिशानच्या पडद्यावर हैदराबाद नव्हतंच, ते मी विचारलं. इथला कुणीही माणूस विचारील. आपल्याला मोठं ऑपरेशन असो की लग्नाचा बस्ता, नागपूर नाहीतर हैदराबाद. सिकंदराबादहून दुपारच्या गाडीत बसलं की रात्री बल्लारशा. प्रवास मस्कत ते नागपूर असाच का मोजायचा, असं मला वाटलं.

तर तू सोमवारी, २३ मे रोजी रात्री निघशील, मंगळवारी पहाटे हैदराबादला उतरशील, त्याच रात्री घरी. बुधवारी अकराला हजर. मध्ये बारा तास हाताशी राहतात. मी दोनदा मोजले.

तुझे आठ हजार वाचले. रुखमाला सांगितलं, ती म्हणाली, पोरांच्या शाळेचं होऊन जाईल. संपर्कासाठी माझा नंबर दिला आहे, कारण तुझा तिकडचा नंबर त्या रकान्यात बसेना. काही कळवायचं झालं तर मला संदेश येईल.

वाचनालयात पुस्तकांची मोजणी सुरू आहे. माझा करार ३१ मेला संपतो. जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही हे दर वर्षीप्रमाणे कुणी सांगत नाही.

दामिनी


मस्कत
८ मे

बाई,

एकदम बरोबर केलं. इथी कोणाच्या डोक्यात हैदराबाद आलं नसतं. केरळवाल्याले सांगितलं तं म्हणते, तुझी बहीण ट्राफिक पोलीस हाये का.

एक काम कर. सामान वीस किलो लिहिलं हाये, ते तीस करून दे. लागतील ते पैसे दे, मी पाठवतो. भांडे हायेत, कंबल हाये, कामाचे हत्यारं हायेत माहे. हत्यारं कोण सोडून येते.

तू बारा तास लिहिलं तं मी बी मोजले. बाराच भरले.

अमर


भद्रावती
मंगळवार, १० मे

प्रिय अमर,

तीस किलो करून घेतले. एवढं सामान आणू नकोस. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणाऱ्या माणसाने सगळ्यांसाठी काही ना काही आणावं असं तुला वाटतं. माझ्यासाठी काही नको.

दामिनी


गाव
शुक्रवार, २७ मे

बाई,

काल रात्री घरी आलो. तू भद्रावतीत, मी इथी, मधात बारा किलोमीटर. तरी लिहूनच राह्यलो. समोर आलो तं काय तोंडातून निघल, भरोसा नाई.

शनिवारी दुपारी तुझा फोन आला की विमान बुधवारवर गेलं. तवा मले समजलंच नाई. म्या म्हटलं, दुसरं पाह्य. तू म्हणाली, जागा नाई. इथल्या एजंटकडे पळालो, त्याच्याकडे बी नाई. तीन दिवस सामान बांधून बसलो. बुधवारी अकरा वाजता मी मस्कतमधी पलंगावर बसून होतो. पलंग बी दुसऱ्याले दिला होता त्यायनं, तो माणूस म्हणे, भाऊ उठता का.

आता सांगतो. मी सुट्टीवर नव्हतो येऊन राह्यलो. राजीनामा दिला. व्हिसा रद्द करून आलो. कंपनीचं तिकीट मी मागच्या सालीच पैशात घेतलं होतं, मायच्या गुडघ्याच्या वक्ताले. म्हणून तुले नको विचारू म्हटलं. म्हटलं, सरकारी नोकरी लागून राह्यली, आता कायले परत जायचं. तुले सांगितलं असतं तं तू म्हणाली असती, आधी नोकरी हातात येऊ दे. बरोबरच म्हणाली असती. म्हणून नाई सांगितलं.

माय म्हणते, ऑफिसात माह्या जागी तुझं नाव घेतलं. बाबा सकाळी जाळं घेऊन नदीवर गेले तं दुपारपर्यंत आले नाई. मासे बी आणले नाई.

एकच इचारतो. विमानवाल्याचा संदेश तुह्या फोनवर कवा आला?

अमर


भद्रावती
मंगळवार, ३१ मे

प्रिय अमर,

तीन दिवस उत्तर दिलं नाही. या तीन दिवसांत दोन उत्तरं लिहून फाडली. दोन्ही खोटी नव्हती, पण दोन्हींत विमान कंपनीच जास्त होती.

संदेश शनिवारी, २१ तारखेला दुपारी सव्वाबाराला आला. मी लगेच वाचला. तुला फोन केला साडेचारला.

इंधन महागल्यामुळे आठवड्यातल्या चार फेऱ्यांच्या तीन केल्या आहेत, आपली सोय बुधवारच्या विमानात केली आहे, असं त्यात होतं. मी तिथेच फोनवर दुसरी विमानं शोधली. मुंबईवरून एक जागा होती. एकच, सोमवारची, नागपूरपर्यंत एकेचाळीस हजार. माझ्या खात्यात सेहेचाळीस होते. ते कशासाठी ठेवले होते असं नाही, नुसते होते.

मग मी फोन पर्समध्ये ठेवला आणि मोजणीला बसले. इतिहासाचं कपाट. पुस्तक काढायचं, क्रमांक वाचायचा, वहीत खूण करायची. मी ते कपाट संपवलं आणि मग भूगोलाचं घेतलं. मला पैशाचा मोह झाला का? नाही, पैशांचा विचार मनात आला नाही. तुझं वाईट व्हावं असं वाटलं का? नाही. मी फक्त काहीच वाटून घेत नव्हते. साडेचारला फोन काढला तेव्हा ती जागा गेली होती. मग मी तुला फोन केला, आणि माझा आवाज घाबरलेला होता. तो खरंच घाबरलेला होता. एवढंच मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकते, आणि तेही फार नाही.

आणखी एक. जिशानने हैदराबादच्या तिकिटाबद्दल जे सांगितलं ते मी तुला अर्धंच लिहिलं होतं. तो म्हणाला होता, "बाई, स्वस्तवाल्याचा भरोसा नाई. सीट भरल्या नाई तं दोन दिवसाचे लोक एका विमानात कोंबते. काळीपिवळी जीपवाला कसा, सवारी झाल्याशिवाय हालत नाई. टाइमाचं काम असन तं मुंबईवालं घ्या, ते पोचवून देते." मी म्हटलं, बारा तास आहेत. तो म्हणाला, "तुमची मर्जी." तिकीट काढलं तेव्हा मी तुझे आठ हजार वाचवत होते, असंच मला वाटत होतं. आजही वाटतं. पण त्याचं बोलणं मी तुला लिहिलं नाही.

आता बुधवारचं. बाबा, माय आणि मी गेलो. सकाळी माय म्हणाली, "तुहे बी कागद घे वं संग." मी म्हटलं, घेतले आहेत. ते आदल्या संध्याकाळीच पिशवीत ठेवले होते.

तुझं नाव पुकारलं. बाबा उभे राहिले. म्हणाले, "साहेब, पोरगा विमानात हाये. उद्याच्याले येते." साहेब चांगला होता. त्याने बाबांना बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "बाबा, माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. पर्यायी नाव हजर आहे का?" खोलीत दुसऱ्या गावचीही माणसं होती, सगळी आमच्याकडे पाहत होती. साहेबाने पुन्हा विचारलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. मी त्यांच्या मागे पिशवी धरून उभी होते. शेवटी माय म्हणाली, "हाये. हे काय उभी हाये, माही पोरगी. बीए झाली हाये."

मी सही केली. बाबांच्या संमतीची सही लागत होती. त्यांनी पेन घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि सही केली. बाहेर आल्यावर माय म्हणाली, रसवंतीवर थांबू. बाबा म्हणाले, तुम्ही प्या.

तू राजीनामा दिला होतास हे मला माहीत नव्हतं. तीस किलो सामान म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. मी ते तुझं प्रेम समजले आणि तुला उपदेश केला.

माहीत असतं तर मी सव्वाबाराला फोन केला असता का? केला असता. पण तुझी नोकरी गेली तरच धावायचं, आणि माझ्याकडे कधी नव्हतीच हे चालायचं, असा त्याचा अर्थ होतो. हे लिहून मी स्वतःला सोडवते आहे असं वाटेल. तसं असेलही.

दामिनी


गाव
शुक्रवार, १० जून

बाई,

तुझं पत्र वाचलं अन् आठ दिवस कोणालेच नाई दाखवलं. मंग बाबाले वाचून दाखवलं. त्यायनंच म्हटलं, वाच.

मले राग कायचा आला सांगू? चार तासाचा आला. पण त्याच्याहून जास्त, तू सांगितलं याचा आला. तू लिहिलं असतं की संदेश साडेचारलेच आला, तं मी विमानवाल्याले मायबहिणीवरून शिव्या देल्या असत्या, दारू पेलो असतो, मोकळा झालो असतो. तुह्या घरी येऊन जेवलो असतो. आता शिव्या कोणाले देऊ? तुले तं खरं बोलून झोप लागली असन. माही गेली.

तू लहानपणापासून अशीच हाये. माह्या हातून बाबाचं जाळं फाटलं होतं तवा बी तू जाऊन सांगितलं, "मी बाजूलेच होती, मी थांबवलं नाई." मार मले पडला, अन् शहाणी तू झाली.

रुखमा म्हणते, बाईले म्हणा, अर्धा पगार देत जाय. मी नाई म्हटलं. घेतला तं सगळं बरोबर होऊन जाईन. मले बरोबर नाई करायचं.

जिशानकडे गेलतो. नागपूरच्या एजंटनं कुवेतचं काम सांगितलं हाये. तिकीट मीच काढणार हाये. त्यानं इचारलं, कोणतं पाहू. म्या म्हटलं, सगळ्यात महाग कोणतं हाये ते. तो म्हणे, भाऊ, असं कोणी नाई मागत.

बाबा एकच गोष्ट इचारते. आपल्या तोंडानं नाई इचारत, मले इचाराले लावते. म्हणते, तिले नोकरी पाह्यजे होती तं जानेवारीतच काऊन नाई बोलली. घरची पोरगी हाये, बोलाले काय झालतं.

मले बी समजून घ्यायचं हाये. उत्तर देशील तं दे.

डॉक्टरी तपासणी वीस तारखेले हाये म्हणे तुही.

अमर


भद्रावती
रविवार, १९ जून

प्रिय अमर,

बाबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मी मनात लगेच तयार केलं होतं : कुणी विचारलंच नाही. हे गेली वीस वर्षं माझ्या डायरीत वेगवेगळ्या शब्दांत लिहून झालं आहे. लग्न झालं तेव्हा, नवरा गेला तेव्हा, जमिनीचे कागद झाले तेव्हा. वाचायला बरं वाटतं. नऊ दिवस मी तेच लिहून पाठवणार होते.

पण ते खरं नाही. जानेवारीत फॉर्म भरताना मी बाबांच्या शेजारीच बसले होते. बाबू थांबला होता, त्याचं पेन वर होतं. मी म्हणू शकत होते की पहिल्या रकान्यात माझं नाव लिहा, अमरला तिकडे काम आहे, माझा करार दर मे महिन्यात संपतो. बाबा कदाचित नाही म्हणाले असते. कदाचित ओरडले असते. एवढंच झालं असतं.

मी बोलले नाही, कारण मी नोकरी मागितली असती आणि तुम्ही नाही म्हटलं असतं, तर त्यानंतर मला चोख वागावं लागलं असतं. सगळ्यांचं लक्ष माझ्यावर राहिलं असतं, माझंही. मग तो संदेश मला त्याच मिनिटाला कळवावा लागला असता. मी काहीच मागितलं नव्हतं, म्हणून माझ्यावर कुणाला शंका नव्हती. तू डोळे झाकून बसलास ते त्यामुळेच. न मागणाऱ्या बाईला केवढी मोकळीक असते, हे मला त्या शनिवारी दुपारी कळलं. त्याआधीही थोडं माहीत असावं.

जाळ्याचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. मला ते आठवत नव्हतं. मार तुला पडला होता हे तर मुळीच आठवत नव्हतं.

पगाराबद्दल तू नाही म्हणालास, तरी मी रुखमाला देणार आहे, तिने घेतला तर. बरोबर करण्यासाठी नाही. तुझ्या पोरांची शाळा आहे म्हणून. तू नको म्हणालास तर तिला विचारीन, तुला नाही.

माफी मागावी असं वाटतं, आणि मागितली तर तू म्हणशील की बाईने तेवढंही आपल्यासाठीच केलं. म्हणून मागत नाही.

उद्या नऊला तपासणी आहे. वजन थोडं कमी आहे, बाकी ठीक असावं. मी जाणार आहे. मी गेले नाही तर नोकरी तुझ्याकडे परत येत नाही, ती फक्त जाते. पण त्यासाठी मी जात नाहीये. ती तुला परत मिळत असती तरी मी उद्या गेले असते.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. वरच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य गाळू नकोस.

दामिनी